आमची वाटचाल: डबा जुना, सेल नवे

भोसरीतल्या छोट्या गाळ्यात आम्ही यूपीएसच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचो. लष्कराला माल पुरवणारे ओळखीचे एक गृहस्थ एकदा वायरलेस सेटचा निकेल-कॅडमियमचा डबा घेऊन आले. म्हणाले, "सेट ठणठणीत आहेत हो, पण ही बॅटरी आता कुणी बनवतच नाही."

लष्करी उपकरण 25-30 वर्षं वापरात राहतं, तेवढी वर्षं तोच सेल बाजारात मिळत नाही. दोन-तीनशे डब्यांसाठी मोठा कारखाना लाइन सुरू करत नाही. आम्हाला काम मिळालं ते तिथंच: जुन्या डब्यात नवे लिथियमचे सेल बसवायचे.

निकेल-कॅडमियमचा सेल 1.2 व्होल्टचा, म्हणजे 12 व्होल्टला दहा सेल. लिथियम आयर्न फॉस्फेटचा 3.2 चा, चारांत 12.8. हिशेब जुळला म्हणून आम्ही खूश! डबा जुन्या चार्जरला लावला आणि लाल दिवा लागला. निकेल-कॅडमियम पूर्ण भरली की तिचं व्होल्टेज किंचित उतरतं, तो चार्जर त्याचीच वाट बघत असतो. लिथियमचं तसं उतरत नाही. आमच्या बीएमएसनं, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटनं, सेल वाचवायला करंट तोडला आणि चार्जरनं बॅटरी खराब ठरवली.

चार्जरही बदला, असं सांगून मोकळं होता आलं असतं. मला ते पटेना. जवानानं हातमोजे न काढता जुना डबा काढावा, नवा बसवावा, बस्स. म्हणून जुन्या चार्जरला समजेल असं सर्किट डब्यातच घातलं. त्याच्या स्विचिंगनं, म्हणजे वेगानं चालू-बंद होण्यानं, सेटमध्ये खरखर येऊ लागली. ती घालवण्यात आठ महिने गेले, घराचे हप्ते थकले.

मग थंडी. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियमचा थर अ‍ॅनोडवर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. लडाखमध्ये हे चालणार कसं? आता करंट आधी तापपट्टीला जातो, सेल 5 अंशांवर आले की मगच त्यांना.

जेएसएस 55555 या लष्करी उपकरणांच्या चाचणी-मानकातल्या कंपन चाचणीत पहिल्या वेळी सेल जोडणाऱ्या निकेलपट्टीचा वेल्डच सुटला. तेव्हापासून आमच्या वेल्डिंगच्या ताई रोज काम सुरू करण्याआधी नमुन्याची पट्टी पकडीनं ओढून बघतात. पट्टी फाटली तर चालेल, वेल्ड सुटता कामा नये.

सध्या टेबलावर 24 व्होल्टचा डबा आहे. नवे सेल इतके हलके, की तिपाईवरचं उपकरण पुढे झुकतं. तळाशी पोलादी पट्टी टाकून वजन पुन्हा जुन्याइतकं करतोय.