एका बोक्याचे वय

बुधवार, रात्री दहा

काल रात्री साडेआठपासून जवळजवळ बारापर्यंत मी एका बोक्याचे वय काढत बसले होते. बोका खरा नाही, तो ज्या किल्ल्यात हिंडतो तो किल्ला खरा नाही, आणि ज्या कालगणनेने त्याचे वय काढायचे तीही जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वतःच्या मनाने रचलेली आहे. तरीही कपाटातल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पाच जाड पुस्तकांपैकी तीन खाली काढून, पानापानांत बसची तिकिटे खुणेला घालून मी हिशेब केला, आणि तो बरोबर आला याचा मला आनंद झाला. आज सकाळपासून त्या आनंदाची लाज वाटते आहे. ऑफिसात व्हाउचर तपासताना वाटत होती, परतताना बसमध्ये वाटत होती, आणि आता लिहून काढली तर जाईल असे वाटल्यामुळे लिहायला बसले आहे.

झाले ते असे. चार महिन्यांनी भाच्याचा ग्रुपवर संदेश आला. ‘आत्या, पक्कं झालं. रेड कीपमधला तो काळा बोका म्हणजे मेलेला रेगार. शेवटी लोखंडी सिंहासनावर तोच बसणार.’ (रेड कीप म्हणजे राजधानीतला राजाचा किल्ला, आणि रेगार हा गोष्ट सुरू होण्याआधीच लढाईत मेलेला, टारगेरियन या जुन्या राजघराण्यातला राजपुत्र.) पाठोपाठ त्याने पुरावे दिले. पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच व्हॅरामिरचे प्रकरण आहे; प्राण्यांच्या अंगात शिरू शकणारा माणूस मेल्यावर त्यांच्यातच दुसरे आयुष्य काढतो, हे तिथे नीट सांगितलेले आहे. सोनेरी डगल्यातला एक पहारेकरी आर्या नावाच्या लहान मुलीला त्या कानतुटक्या बोक्याविषयी सांगतो, की या किल्ल्याचा खरा राजा तोच. मग राजपुत्र रेगार, राजा बोका, झाले की सिद्ध.

मी हसले नाही. मी लिहायला घेतले.

तो बोका म्हणजे रेगारची लहानगी मुलगी रेनिस हिचे बॅलेरियन नावाचे काळे पिल्लू असावे, इथपर्यंत मी मान्य केले, कारण ते बहुतेक सगळेच मान्य करतात. (‘बहुतेक सगळेच’ म्हणजे जगात किती माणसे, हा प्रश्न त्या क्षणी मला पडला नाही.) राजधानी लुटली गेली ती 283 साली, आर्या त्या बोक्यामागे धावते ती 298 मध्ये, आणि पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस छोटा राजा टॉमेन ज्या दुष्ट मांजराची तक्रार करतो ते हेच धरले, तर तोवर 300 साल उजाडलेले आहे. म्हणजे बोका सतरा वर्षांचा झाला. म्हातारा खरा, पण अशक्य नव्हे. मात्र रेगार मेला तो ट्रायडंट नदीच्या पात्रात, राजधानीपासून दूर. हयातीत तो एकदाही कुठल्या प्राण्याच्या अंगात शिरल्याचा उल्लेख नाही. आणि ती विद्या ‘फर्स्ट मेन’च्या, म्हणजे त्या भूमीवर आलेल्या पहिल्या माणसांच्या, रक्तातून येते. भाच्याने विचारले, ‘मग ब्लडरेव्हनचं काय? तोही टारगेरियनच ना?’ ब्लडरेव्हन प्राण्यांच्या अंगात शिरतो हे खरे, पण मी त्याच्या आईचे माहेर काढले. ती ब्लॅकवुड घराण्यातली, म्हणजे रक्त तिकडून आले. त्याने आणखी एक शंका काढली, मी आणखी एक पुस्तक काढले. मांजरे गर्विष्ठ आणि क्रूर असतात, कधी उलटतील याचा नेम नाही, हे व्हॅरामिरच्याच प्रकरणातले मत मी त्याला ऐकवले. चार लांबलचक संदेश झाले. अकरा चाळीसला त्याचे उत्तर आले: ‘अगं आत्या, गंमत होती.’ आणि खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले तीन चेहरे.

आता यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे मला नीट सांगता येत नाही. चेष्टा कुणाची होत नाही? पण मला गंमत कळली नाही, हे खुपते. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातला खोटेपणा शोधून पोट भरणाऱ्या बाईला भाच्याची गंमत कळू नये?

गंमत ओळखायची तरी कशी, हाही प्रश्न आहेच. या पुस्तकांच्या वाचकांत निखालस वेडगळ तर्काला ‘टिनफॉइल’ म्हणतात, म्हणजे डोक्यावर चांदीच्या कागदाची टोपी घालून केलेला विचार. दरबारातला हेरप्रमुख व्हॅरिस हा मुळात जलमानव आहे, असा एक तर्क आहे. टिरियन हा राजकन्या डेनेरिस आणि तिचा नवरा ड्रोगो यांचा, काळात उलटा प्रवास करून आईच्याही आधी जन्मलेला गर्भ आहे, असा दुसरा आहे, आणि तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी रिक्षात एकटीच मोठ्याने हसले होते. डेनेरिसला ब्राव्होस शहरातल्या घराच्या खिडकीबाहेरचे लिंबाचे झाड आठवते आणि ब्राव्होसमध्ये तर बड्या लोकांच्या बागा सोडल्या तर झाडेच नाहीत, तेव्हा तिचे सगळे बालपणच कुठेतरी भलतीकडे गेले असणार, हा तिसरा. आपल्याकडे याला बादरायण संबंध म्हणतात. तुमच्या दारी बोरीचे झाड, आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, म्हणून आपण नातेवाईक. मात्र लिंबाच्या झाडाचा तर्क कुणी गमतीने मांडलेला नाही, लोक तो मनापासून मांडतात, आणि खरे सांगायचे तर मलाही तो पटतो.

शिवाय ज्या तर्काला आज कुणी तर्क म्हणत नाही, तोही याच कापडाचा होता. आर अधिक एल म्हणजे जे. जॉन स्नो हा नेड स्टार्कचा नव्हे, तर रेगार आणि नेडची बहीण लियाना यांचा मुलगा. पहिले पुस्तक 1996 साली आले, आणि त्यात याचा आधार काय, तर मरणाऱ्या बहिणीचे ‘मला वचन दे, नेड’ हे शब्द आणि निळ्या गुलाबांचा पुन्हा पुन्हा येणारा वास. दुसऱ्या पुस्तकातल्या दृष्टान्तात बर्फाच्या भिंतीच्या फटीत एक निळे फूल उमलते. एवढ्या सामग्रीवर लोकांनी ते ओळखले. मालिका करायला आलेल्या दोघांना मार्टिन यांनी जॉनची आई कोण हेच विचारले होते आणि त्यांनी बरोबर उत्तर दिले, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावर ते 2016 च्या जूनमध्ये दिसले. एक फूल, एक वास आणि एक अर्धे वाक्य यांवर वीस वर्षे विश्वास ठेवणारी माणसे जिथे खरी ठरली, तिथे बोक्याच्या बाबतीत सावध राहिले तर माझे काय चुकले?

हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहिते आहे, हे कळते आहे मला.

पाचवे पुस्तक 2011 च्या जुलैत आले. तेव्हापासून सहाव्याची, ‘द विंड्स ऑफ विंटर’ची वाट. मधूनमधून काही सुटी प्रकरणे मार्टिन यांनी वाचून दाखवली, काही प्रसिद्ध केली, पण पुस्तक नाही. 2016 च्या जानेवारीत त्यांनी मुदती हुकल्याचे स्वतःच लिहून टाकले, आणि ते वाचून मला एखाद्या कर्जदाराचे प्रांजळ पत्र वाचावे तसे वाईट वाटले होते. नवे पान येत नाही तेव्हा जुनीच पाने पुन्हा वाचली जातात, आणि सातव्यांदा वाचताना राजाराण्यांत काही नवे सापडत नाही म्हणून माणूस मांजराकडे वळतो.

वाट पाहण्याच्या गमती आधी बऱ्या होत्या. तो माणूस अजून डॉसवर चालणाऱ्या जुन्या संगणकात वर्डस्टार 4.0 मध्ये लिहितो, यावरच आमचे एक वर्ष निघाले. 2019 च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच एक विनोद केला. पुढच्या उन्हाळ्यात न्यूझीलंडच्या संमेलनाला येईन तेव्हा हातात पुस्तक नसेल तर मला व्हाइट आयलंडवरच्या एखाद्या झोपडीत, त्या गंधकाम्लाच्या तळ्याकाठी, पुस्तक पुरे होईपर्यंत डांबून ठेवायला माझी लेखी परवानगी आहे, असे ते होते. आम्ही त्या झोपडीची चित्रे काढली. त्याच वर्षी 9 डिसेंबरला त्या बेटावरच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि 22 माणसे गेली. पुढे करोनामुळे संमेलनही पडद्यावरच भरले. त्यानंतर झोपडीचे नाव ग्रुपवर कुणी काढले नाही. चित्रे माझ्या फोनमध्ये अजून आहेत. ती पुसायची की ठेवायची, हे मला ठरवता आलेले नाही.

आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सिएटलच्या संमेलनात कुणीतरी त्यांच्या तोंडावर विचारले, की आपण काही आता फार दिवस नाही, तर उरलेले दुसऱ्या लेखकाने पुरे केले तर कसे वाटेल. सभागृहाने त्या माणसाची हुर्यो उडवली. मीही घरी बसून त्याला चार शब्द सुनावले. पण मुदती हुकल्यानंतर दोन वर्षांनी मी एक तक्ता केला होता. कोणते पुस्तक किती पानांचे, मधे किती वर्षे, या वेगाने सहावे केव्हा, सातवे केव्हा. त्यात एक रकाना 1948 पासून, मार्टिन यांच्या जन्मसालापासून, सुरू होतो. त्या रकान्याला मी शीर्षक दिले नव्हते.

तर गमतीचे हे असे आहे. कुठली गंमत आहे आणि कुठली नाही, हे मला एरवीही नक्की कळत नसावे; कालच कळले नाही असे नाही.

दुपारी डबा खाताना मात्र निराळेच आठवले. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे माणसे पोथ्यांवर पोथ्या ठेवून कुठला श्लोक कुठे आहे आणि कुठे नाही हे पाहत होती. त्यांतही कुणाला तरी घरच्यांनी ‘अहो, कशाला एवढं?’ असे विचारले असेलच. माझी जात ती, फक्त माझ्याकडे पोथ्यांऐवजी बोका आहे. हा विचार मनात आला आणि पोळीचा घास तोंडात असताना हसू आले. समोरच्या बाईंनी पाणी पुढे केले.

संध्याकाळी भाच्याचे सगळे संदेश पुन्हा वाचले, ऑडिटला बसल्यासारखे, वेळांसकट. त्याचा पहिला संदेश साडेआठचा. ब्लडरेव्हनची शंका नऊ वाजून पाच मिनिटांची. मग साडेनऊ, दहा, सव्वादहा, पावणेअकरा. गंमत करणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांतच हसून मोकळे व्हायचे असते. हा तीन तास प्रश्न विचारत बसला, आणि एकही प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. ब्लडरेव्हनचा तर चांगलाच होता. बंगळुरूला त्याच्या खोलीत जोडीदार आहे, परीक्षा तोंडावर आहे. त्याला मी विचारणार नाही.

दादाही ग्रुपवर आहे. ग्रुप त्यानेच काढला, 2012 मध्ये, ‘हिवाळा येतोय’ असे नाव देऊन. सातबाऱ्यावरच्या नावांचे ते प्रकरण झाल्यापासून तो तिथे लिहीत नाही, मीही त्याला उद्देशून काही लिहीत नाही, आणि संदेशांखाली दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. असो.

(पुन्हा लिहिते आहे. अकरा दहा.)

वरचे लिहून वही मिटणार होते, तेवढ्यात फोन उजळला. ग्रुपवर दादा. पावणेदोन वर्षांनी. एकच ओळ.

‘रॉबर्ट नव्हे. टायविन.’

आधी समजलेच नाही. मग पहिले पुस्तक पुन्हा खाली काढले. ते मुळात त्याचेच आहे. पहिल्या पानावर त्याची सही आहे आणि सहीखाली माझ्या चहाच्या कपाचा डाग. पान शोधले. त्या बोक्याच्या दांडगाईचा दाखला म्हणून पहारेकरी सांगतो, की एकदा राजाने राणीच्या वडिलांना मेजवानी दिली होती, आणि हा बोका टेबलावर उडी मारून बसला आणि त्याने भाजलेला लावा पक्षी पळवला. मी काल लिहिले होते की रॉबर्ट राजाच्या हातातून. तिथे राणीचा बाप टायविन लॅनिस्टर आहे.

दादाचे बरोबर आहे, आणि बरोबर-चूक एवढ्यापुरते ते नाही. राजधानी लुटली ती टायविनच्या सैन्याने. तीन वर्षांच्या रेनिसला बापाच्या पलंगाखालून ओढून काढून मारले ते त्याच्या माणसाने, आणि तिचा देह लाल डगल्यात गुंडाळून नव्या राजापुढे ठेवला तो त्याने. आणि त्या पोरीचे मांजर, असलेच तर, नेमके त्याच्या बोटांतला घास पळवते. सगळा प्रसंग त्या एका नावावर उभा आहे. ते नाव चुकले तर उरतो तो नुसता हावरट बोका. सतरा वर्षांचा हिशेब मी पैनपै जुळवला आणि नेमके हेच नाव चुकवले.

ती चूक माझ्या चौथ्या संदेशाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. भाच्याच्या ती लक्षात आली नव्हती.

उत्तर तीनदा लिहून खोडले. पहिल्यात आभार होते, दुसऱ्यात तब्येतीची चौकशी होती. शेवटी ‘होय, टायविनच. पान बघितलं.’ एवढे पाठवले. खुणा अजून निळ्या झालेल्या नाहीत. मधल्या वेळात भाच्याने मात्र लिहिले आहे, की मग त्याच्या मते बोका म्हणजे रेगार नव्हे, रेनिसच.

हे गमतीने आहे की नाही, कळत नाही. प्राण्याच्या अंगात शिरणारी मुले लहान वयातही असतात, व्हॅरामिर स्वतः सहा वर्षांचा होता. पण तीन वर्षांची? शिवाय तिची आई डॉर्नची, तेव्हा रक्ताचा प्रश्न पुन्हा आलाच. पाचवे पुस्तक परत खाली काढावे लागेल.