ग्राइंडर क्रमांक चार

भोसरीच्या एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात दुचाकीच्या इंजिनाचे रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यांवर डोलतात ते दांडे, बनतात. तिथे मी तीन वर्षे कायझेनचे, म्हणजे कामात सतत छोट्या सुधारणा करण्याचे, काम पाहिले. ग्राइंडरची, म्हणजे शाफ्ट घासून अचूक मापात आणणाऱ्या यंत्राची, सेटिंग बदलायला पूर्वी पाऊण तास लागत असे. निम्मी तयारी यंत्र चालू असतानाच उरकायची सवय लावून आम्ही तो वेळ बारा मिनिटांवर आणला, आणि त्याचा मला अभिमानही होता. पुढे विजेच्या दुचाकीच्या मोटरसाठी रोटर शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, विकसित करण्याचे काम माझ्याकडेच आले. विजेच्या गाडीच्या मोटरला व्हॉल्व्ह नसतात, मग रॉकर शाफ्ट कुठला? जानेवारी २०२० मध्ये बजाजची चेतक विजेवर आली, तेव्हाच हे आम्हा सर्वांना कळून चुकले होते.

त्या गुरुवारी सहा नमुने काढायचे ठरले होते. मी चार नंबरच्या ग्राइंडरपाशी पोहोचलो, तोच उत्पादन व्यवस्थापक आले. “साहेब, आजचा दिवस राहू द्या. दुपारची गाडी भरायची आहे.” चाचणी पुढे ढकलण्याची ही चौथी खेप होती. चिडून मी नियोजनाची वही उघडली, आणि ओशाळलो. सेटिंगमध्ये वाचवलेल्या प्रत्येक मिनिटात रॉकर शाफ्टच भरलेले होते. नव्या कामाची जागा माझ्याच सुधारणेने खाल्ली होती. व्यवस्थापकांचे तरी काय चुकले? रॉकर शाफ्टचे पैसे ठरल्या तारखेला येतात, रोटर शाफ्टचे येतील की नाही हेच ठाऊक नसते. जुन्याचा लाभ जवळचा आणि खात्रीचा असल्यामुळे संस्था नव्याचा शोध मागे टाकतात, हे संस्थांचे अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९९१ सालीच मांडले होते. मला ते त्या वहीत दिसले.

मालक खाली आले. दोघांचे ऐकून त्यांनी व्यवस्थापकांना एवढेच विचारले, “चार नंबर आज बिघडला असता, तर गाडी कशी भरली असती?”

“रविवारी पाळी लावून, साहेब.”

“मग दर गुरुवारी तो बिघडतो असे धरा.”

रविवारच्या पाळीचा जादा पगार कोणत्या खात्यावर टाकायचा, यावरून पुढे बरीच हुज्जत झाली. त्या दिवशी सहापैकी दोनच शाफ्ट मापे तपासायच्या डायलवर पास झाले. लांब आणि सडपातळ असल्याने उरलेले चार ग्राइंडरच्या चाकाच्या दाबाने मध्यभागी वाकत होते, आणि त्यांना नेमका कुठे आधार द्यायचा हे शोधण्यात पुढचे तीन गुरुवार गेले. नियोजनाच्या फळ्यावर मात्र दर गुरुवारी अजूनही खडूने लिहिलेले असते : क्र. ४ – बंद.