तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुठलं कर्ज फेडलं?

पहिली नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झालेली मुलं मला हमखास विचारतात, "शैक्षणिक कर्जही आहे आणि क्रेडिट कार्डही तुंबलंय. तुम्ही आधी कुठलं फेडलंत?" तुम्हीही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. चुकीचं.

माझं शैक्षणिक कर्ज कार्डाच्या थकबाकीच्या सातपट होतं. शिकत असताना हप्ते नव्हते, पण व्याज चढत होतं. ते नंतर मुद्दलात मिसळलं, त्यामुळे पहिल्याच स्टेटमेंटवर घेतल्यापेक्षा मोठा आकडा दिसला. वर बाबा जामीनदार. त्यांची सही आठवली की पोटात गोळा यायचा. म्हणून पहिला बोनस हातात पडताच तो सगळा त्या कर्जात भरला आणि घरी फोन करून शाबासकी मिळवली. कार्डाचं मात्र घरी कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे मी दरमहा 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरायची आणि आपण फेडतोय अशा समजुतीत निवांत असायची.

त्या समजुतीची किंमत बघा. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के होतं. ३ म्हणजे किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीनं ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. थकबाकी १ लाख धरा, नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढलं. किमान रक्कम एकूण बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ५,१५०. त्यातले मुद्दलात गेले फक्त २,१५०. पुढच्या महिन्यात बाकी थोडी उतरली, की किमान रक्कमही उतरते, आणि आपल्याला उगाच हलकं वाटतं. असंच चालू ठेवलं तर बाकी निम्मी व्हायला साधारण ३२ महिने लागतात. तोवर १ लाख २० हजार भरून झालेले असतात आणि ५० हजार तसेच उभे असतात. हा हिशेब मी वहीत दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा वाटलं, कुठेतरी शून्य चुकलंय.

शैक्षणिक कर्जाचा दर होता वर्षाला १० टक्के. म्हणजे बोनस मी १० टक्क्यांच्या खड्ड्यात टाकला आणि ४२ टक्क्यांचा खड्डा रुंदावू दिला. कारण एवढंच, की मोठ्या आकड्याची भीती वाटत होती आणि छोट्याची लाज.

मग उलटं केलं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला, पण वर एक पैसाही नाही. (तो चुकवायचा नाहीच, जामीनदाराच्याही पतनोंदीवर डाग पडतो.) उरेल ते सगळं कार्डाकडे. रोजचा खर्च कार्डावरून बंद, कारण बिल पूर्ण न भरल्यास सहसा बिनव्याजी मुदतच जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे मला फार उशिरा कळलं. कार्डावरून रोख काढणं तर त्याहून वाईट, व्याज तर लागतंच, वर वेगळं शुल्क.

कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एकदम मोकळं करावं का, हेही विचारता. हिशेबाला बरोबर आहे. माझ्या एका मैत्रिणीनं तसं केलं, आणि वर्षभरात मोकळं झालेलं कार्ड पुन्हा तुंबलं. मग दोन्ही. स्वतःवर भरवसा असेल तरच त्या वाटेला जा.

"छोटं कर्ज आधी संपवा, हुरूप येतो" असंही म्हणतात. माझं छोटं कर्ज हेच महाग होतं, त्यामुळे पेच पडला नाही. पडला असता तर मी दराकडेच पाहिलं असतं; छोटं दोन महिन्यांत संपणार असेल तर गोष्ट वेगळी.

कार्ड फिटायला चौदा महिने लागले. सगळ्यात अवघड होतं ते बाबांना सांगणं. अर्ध्या वाटेवर असताना एकदाचं सांगितलं, वहीही पुढे केली. ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही दर वाचले आणि म्हणाले, "मग तो बोनस तिकडे कशाला भरलास?"