हिरव्या दिव्याला नऊ, पाहुण्यांच्या यादीला सहा

टीवायबीएच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरात फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतल्या प्रतीकांवर प्रश्न आला, की कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, गठ्ठा सोडताच हिरवा दिवा सुरू होतो. हिरवा दिवा म्हणजे गॅट्सबीची आशा, जाहिरातीच्या फलकावरचे डॉक्टर एकलबर्गचे डोळे म्हणजे देव, राखेची दरी म्हणजे नैतिक ऱ्हास. क्रम तोच, चुकाही त्याच, कारण गाईड एकच. आमच्यातले काही जण असल्या उत्तराला न वाचताच पंधरापैकी नऊ देतात आणि चहाच्या आधी गठ्ठा हातावेगळा करतात.

त्या दुपारी एका उत्तरपत्रिकेत हिरवा दिवा नव्हताच. पोराने (किंवा पोरीने, बैठक क्रमांक झाकलेला असतो) चौथ्या प्रकरणातली, गॅट्सबीच्या पार्ट्यांना येणाऱ्या पाहुण्यांची यादी धरली होती. निकने, म्हणजे कादंबरीच्या निवेदकाने, ती एका जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या जागांत लिहून ठेवलेली असते. वर छापलंय, ५ जुलै १९२२पासून लागू. कागद घड्यांवर फाटत आलाय. वर्गात ही पानं बहुतेक जण ओलांडून जातात. आहेराच्या वहीसारखी नुसती नावं: आधी ईस्ट एग या गावचे घरंदाज, मागून समोरच्या वेस्ट एगचे नवश्रीमंत. लीच, बीव्हर, हॅमरहेड अशी जनावरांची आडनावं कुणाच्याही लक्षात येतात.

या उत्तरात मात्र वाक्यरचना पाहिली होती. येणं मुख्य वाक्यात, मरण उपवाक्यात. डॉक्टर सिव्हेट आले, जे गेल्या उन्हाळ्यात मेन राज्यात बुडाले. पामेटो आले, ज्यांनी टाइम्स स्क्वेअरला भुयारी रेल्वेपुढे उडी घेतली. मुल्डून आले, ज्यांच्या भावाने पुढे स्वतःच्या बायकोचा गळा आवळला. कुठेही सूर बदलत नाही, पुढचं नाव येतं.

मग नवव्या प्रकरणाशी जोड. गॅट्सबीच्या अंत्यविधीला या नावांपैकी कुणी नाही. गॅट्सबीच्या घरी मुक्काम ठोकून राहिलेल्या क्लिपस्प्रिंगरचा फोन येतो तो राहून गेलेल्या टेनिसच्या बुटांसाठी. निक सोडला तर पार्ट्यांना येणाऱ्यांपैकी एकच जण दफनाला पोचतो, तो घुबडासारखा चष्मा लावणारा. आणि त्याला फिट्झजेराल्डने अख्ख्या कादंबरीत नावच दिलेलं नाही. हे वाचून मी पेन खाली ठेवलं. इंग्रजी मोडकं होतं, स्पेलिंगं विचारू नका. मी बारा दिले.

मॉडरेटर मॅडमनी सहा केले.

“सर, प्रश्न प्रतीकांचा आहे. यादी हे तंत्र झालं. मॉडेल आन्सरमध्ये यातलं काय बसतं ते दाखवा.”

मॅडम वाचणाऱ्या आहेत, वेळ मारून नेत नव्हत्या. मी म्हटलं, मुदत संपलेलं वेळापत्रक तरी प्रतीक आहे ना?

“त्यावर दीड ओळ लिहिलीय.”

दीडच होती. शिवाय मॉडरेटरचा आकडा अंतिम.

प्रश्नाला धरून पाहिलं तर बारा जास्त होते, हे मलाही पटतं. पण पाठ केलेल्या हिरव्या दिव्याला जिथे नऊ मिळतात, तिथे या उत्तराला सहा कुठल्या हिशेबाने, हे काही सुटत नाही. प्रश्नात ‘प्रतीके’च्या जोडीला ‘लेखनतंत्रे’ घाला, असं अभ्यासमंडळाला लेखी कळवलंय. विषयपत्रिकेवर ते ‘ऐनवेळचे विषय’मध्ये आहे.