तुम्ही विचारलंत म्हणून: बंब मोडीत का दिला

"वहिनी, तो बंब मोडीत द्यायला हात तरी कसा धजला तुमचा?" दिवाळी आली की हा प्रश्न येतोच. पहिल्या अंघोळीच्या आठवणी निघतात, कुणीतरी हॉटेलाच्या दाराशी झाड लावून ठेवलेल्या, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचा फोटो दाखवतं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. इतकी वर्षं मी "जागा नव्हती हो" म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं होतं. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक कोपरा रिकामा होता. बंब सहज मावला असता.

वाडा 2012 मध्ये रिकामा केला. तोवर त्या बंबाशी माझा एकवीस वर्षांचा संबंध होता. गीझर येईपर्यंत रोज, नंतर दिवाळीपुरता. पहाटे उठून जाळीखालची राख काढायची, नळकांड्यात ढलप्या टाकायच्या, धुरात डोळे चोळत फुंकणी फुंकायची. एक बादली काढली की लगेच वरून एक बादली ओतायची, नाहीतर पाणी उतरून सांध्यांचा डाख वितळायचा. मग तांबट आळीची फेरी आलीच. धनत्रयोदशीला तो चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा, गळ्यात कारीटाचा वेल बांधायचा. बोटांच्या चिरांमध्ये ती चिंच दोन दिवस चुरचुरायची. बंबाच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येतात त्यांनी त्यातलं गरम पाणी अंगावर घेतलंय, बंब घासलेला नाही. हे मी रागाने म्हणते आहे, कळतंय मला. पण खरं आहे.

बंब सासूबाईंच्या माहेरचा, 1960 साली लग्नात आलेला. दुसऱ्याच वर्षी, 12 जुलैला, पानशेतचं धरण फुटलं आणि पूर आला. घरातल्या ट्रंका, धान्याचे डबे सगळं गेलं. बंब राहिला, कारण रात्री काठोकाठ भरून ठेवलेला होता, जड होता. चिखलातून तो उपसून काढल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. एका धनत्रयोदशीला मी मोरीत बंब घासत होते आणि आई दाराशी पाटावर बसल्या होत्या. कडेखाली काळं पुट बसलं होतं. तिथे जरा जोर लावला तर ठिपके दिसायला लागले. टाचणीच्या डोक्याएवढे, एकापुढे एक. 'चि. सौ. कां.' आणि पुढे एक नाव. त्या नावाचं आमच्याकडे कुणी नव्हतं.

"आई, ह्या कोण?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी घातलंय ते नाव. मग ह्यांनी तांदळात नवीन लिहिलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही." आणि मला म्हणाल्या, "तिथे फार नको घासूस, पुसट होईल."

त्या 2009 मध्ये गेल्या.

मोडवाला आला तो दुपारी. अर्धा वाडा उतरवून झाला होता, अंगणभर माती. त्याने बंब आडवा केला. लोखंडी तिवई आणि जाळी बाजूला काढली, तोटी ठोकून सोडवली. पितळेचा भाव वेगळा. मग ताणकाट्याला लावला. साडेअकरा किलो. लटकलेला बंब हळूहळू फिरला, कडेवर ऊन आलं आणि ते ठिपके माझ्यासमोर आले. मी ते वाचले. वाचून मी काय म्हणाले, तर "किलोला दहा रुपये वाढवा." त्याने वाढवले. एकशे पंधरा रुपये जास्त मिळाले. मग हातगाडीवर नीट बसावा म्हणून त्याने घण घेतला. दुसऱ्या घावाला कड आत गेली.

मी तिथेच उभी होते. आत निघून गेले असते तर निदान पाहिलं नाही असं म्हणता आलं असतं.

त्या वेळची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, तू तिन्ही नणंदांना फोन केला होतास, "बंब कुणाला हवाय का" विचारलं होतंस. तिघी म्हणाल्या, आमच्याकडे कुठे ठेवणार, तूच ठेव. मग दोष तुझा एकटीचा कसा? आणि तूच ठेव म्हणजे काय, आणखी वीस वर्षं तूच घास. हे मला अजूनही पटतं. पण फोनवर मी त्यांना नावाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एक तरी धावत आली असती. तेव्हा वाटलं, आईंनी ते मोरीत फक्त मला सांगितलंय, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. आता वाटतं, मला कुणी अडवायला नको होतं. एकवीस वर्षांत त्या घरात एक तरी वस्तू माझ्या मनाने बाहेर जावी, असं मला वाटत होतं. ती नेमकी हीच असावी, असं मात्र वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत थोरल्या वन्संनी फोनवर पुन्हा तेच विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. किलोला दहा रुपये वाढवून घेतल्याचंसुद्धा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं फोन ठेवला.

मग म्हणाल्या, "मामा तिला त्या नावाने हाक मारायचा. बंबावर होतं? कुठे गं?"

"तोटीच्या वर," मी म्हटलं, "कडेखाली. जरा उजवीकडे."