शीट सुबक होती, पण वस्तू दिसली होती का?

पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये काही वर्षे काढल्यानंतर मी केंद्रीय बोर्डाच्या एका शाळेत अकरावी-बारावीला इंजिनिअरिंग ग्राफिक्स शिकवू लागले. शिकवणे लवकर जमले. गुण देणे मात्र जमले नाही. कारखान्यात ड्रॉइंग एक तर बरोबर असते किंवा वर्कशॉपमधून परत येते. इथे त्याच ड्रॉइंगला दहापैकी सहा द्यायचे की सात, हे ठरवायचे होते आणि त्यासाठी माझ्याजवळ नजरेशिवाय दुसरे माप नव्हते.

पहिल्या वर्षी मी नकळत सुबकपणालाच गुण देत गेले. ज्या शीटवर रेषा एकसारख्या, अक्षरे नेटकी आणि रबराचे डाग नाहीत, ती हातात आली की मन आधीच आठाकडे झुकायचे. ही गोष्ट लक्षात आली ती सहामाहीनंतर, जेव्हा माझ्या एका सहकारी शिक्षकांनी आणि मी बुश्ड बेअरिंगच्या (फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग, आत बुश नावाची नळी बसवलेला) त्याच बारा शीट एकमेकांचे गुण न पाहता तपासल्या. दोन शीटवर आमच्यात वीसपैकी पाच-पाच गुणांचा फरक पडला. त्यांतल्या एका शीटवर बेअरिंगची बॉडी आणि आतील बुश या दोन्हींचे हॅचिंग, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेषा, एकाच दिशेने, एकाच अंतराने केले होते. म्हणजे दोन वेगळे भाग एकाच धातूच्या तुकड्यासारखे दिसत होते, आणि मी ते सुंदर हॅचिंग पाहून खूश झाले होते!

मग आम्ही वीस गुणांची फोड केली. अर्धछेद (वस्तूचा अर्धा भाग कापून आतली रचना) दाखवणाऱ्या फ्रंट व्ह्यूला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्राला आठ, वरून किंवा बाजूने दिसणाऱ्या दुसऱ्या व्ह्यूला पाच, मापांना तीन, रेषांच्या प्रकारांना दोन आणि शीर्षक, स्केल व प्रोजेक्शनचे चिन्ह यांना मिळून दोन. सुबकपणाला वेगळा गुण ठेवला नाही. जाड-बारीक रेषांचा भेद पाळला आहे की नाही, एवढ्यापुरताच तो रेषांच्या दोन गुणांत येतो. फ्रंट व्ह्यूमध्ये एक उंची चुकली आणि तीच चूक साइड व्ह्यूमध्येही गेली, तर गुण एकदाच कापायचे, कारण प्रोजेक्टर, म्हणजे एका व्ह्यूमधून दुसऱ्यात माप नेणाऱ्या रेषा, ओढण्याची रीत त्या मुलाला कळलेली असते.

खरा वाद झाला तो फर्स्ट अँगलवरून, म्हणजे कोणता व्ह्यू शीटवर कुठे मांडायचा यावरून. आपल्याकडे भारतीय मानकांनुसार फर्स्ट अँगल पद्धत चालते आणि तीत टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. एका मुलीने तो वर काढला होता, साइड व्ह्यूही त्याच हिशेबाने ठेवला होता आणि चिन्हही थर्ड अँगलचेच, म्हणजे टॉप व्ह्यू वर ठेवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीचेच काढले होते. सहकाऱ्यांचे म्हणणे, प्रश्नात पद्धत सांगितली असताना दुसरी वापरली, तर मांडणीला शून्य. माझे म्हणणे असे, की तिने सूचना मोडली, पण विषय तिला कळला आहे. उलट चिन्ह फर्स्ट अँगलचे आणि मांडणी थर्डची, अशी शीट असती तर तिथे गोंधळ आहे असे म्हणता आले असते. शेवटी पहिल्या प्रकारात दोन गुण कापायचे आणि दुसऱ्या प्रकारात चार, असे ठरले. सहकाऱ्यांना ते अजूनही पटलेले नाही.

इतके करूनही वर्षभराच्या शीटचे गुण आणि परीक्षेतले गुण जुळेनात. त्याचे कारण मला मुलांच्या बोलण्यातून कळले. त्यांनी इंजिनिअरिंगला असलेल्या भावंडांकडून ‘जीटी’ शिकून घेतली होती. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. अशा शीटला कितीही काटेकोर गुण दिले तरी ते त्या मित्रालाच मिळतात. बोर्डाच्या 100 गुणांत लेखी परीक्षेचे 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30 असतात. त्या तिसांची तयारी म्हणून आम्ही वर्गातच काही छोट्या चाचण्या सुरू केल्या. दोन व्ह्यू फळ्यावर काढून द्यायचे आणि साबणाच्या वडीतून ती वस्तू वीस मिनिटांत कापून घ्यायची. वर्गाला दोन दिवस न्हाणीघराचा वास येत होता, पण कोणाला वस्तू दिसते आणि कोण फक्त रेषा उतरवतो, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळले.

दुसऱ्या चाचणीत फ्रंट व्ह्यू चौरस, टॉप व्ह्यूही चौरस, आणि प्रश्न एवढाच: साइड व्ह्यू काय काय असू शकेल, तेवढे सगळे हाताने काढा. माझ्या आदर्श उत्तरात तीन आकार होते. घन असेल तर चौरस, तिरपा कापलेला असेल तर काटकोन त्रिकोण, आणि बाहेरून गोलावलेला असेल तर चतुर्थांश वर्तुळ. बहुतेकांनी चौरसावर समाधान मानले, काहींनी त्रिकोण काढला. ज्याच्या शीटला मी पहिल्या वर्षी डागांमुळे पाच दिले होते, त्या मुलाने तिन्ही आकार काढून चौथा जोडला: चतुर्थांश वर्तुळाची कड आत वळवलेली. मी त्यावर फुली मारली. मधल्या सुट्टीत तो साबणाचा तुकडा घेऊन आला, समोरून धरला, वरून धरला, दोन्हीकडून चौरस. मी फुली खोडली, आदर्श उत्तरात चौथा आकार वाढवला आणि बाकीच्या चाचण्या पुन्हा तपासायला घेतल्या.