लेकीच्या नाताळच्या ताटात गहू नको म्हणून

पावसाळा सरत आला तेव्हा आमच्या सात वर्षांच्या लेकीला सीलिॲक आजार असल्याचं नक्की झालं. त्याआधी कितीतरी महिने तिचं पोट फुगलेलं असायचं, वजन वाढत नव्हतं आणि लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. रक्ताची टीटीजी तपासणी झाली (या आजारात शरीर स्वतःविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं ती मोजणारी), मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजतात, असं डॉक्टरांनी समजावलं. यावर गोळी नाही. गहू बंद करायचा, तोही जन्मभर. सणापुरता एक घास चालेल का, असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “नाही बाबा, एक घासही नाही.”

आम्ही वसईकडचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे कॅथलिक ख्रिस्ती. नाताळ जवळ येऊ लागला तसं घरी येणारं प्रत्येक माणूस एकच विचारायचं, आता पोरीच्या फुग्यांचं (मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांचं) काय, केकचं काय? मला त्याची फारशी चिंता नव्हती. केक तांदळाच्या आणि बदामाच्या पिठाचा होतो, आणि फुग्यांऐवजी तांदळाची भाकरी आमच्याकडे काही कमीपणाची नाही. मला घोर होता तो मांसाचा. आमचा नाताळ सोरपोतेल आणि इंद्याल हे सिरक्यातले डुकराच्या मांसाचे पदार्थ, खुडीचा रस्सा आणि रोस्ट चिकन यांवर उभा असतो, आणि त्या पातेल्यांत गहू कुठे कुठे शिरतो याचा विचार घरात कधी कुणाला करावाच लागला नव्हता. मी एक गोष्ट मनाशी धरली होती. तिला वेगळ्या वाटीत वेगळं काहीतरी वाढायचं नाही. घरातलं प्रत्येक मांस तिच्यासाठी निर्धोक करायचं आणि सगळ्यांनी तेच खायचं. सणाच्या दिवशी भरल्या टेबलावर एकट्या पोराला ‘तुझं हे, आमचं ते’ म्हणणं मला फार कठोर वाटतं. शिवाय दोन पातेली आणि दोन डाव असले की पाहुण्यांच्या गर्दीत डाव इकडचा तिकडे जाणारच.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की नुसतं मांस, मासे, अंडी यांत ग्लुटेन नसतंच. डुक्कर, कोंबडी, बकरा, बदक, सगळं चालतं. मांसाला काय लागतं ते बघा, म्हणाल्या. मसाला, सिरका, घट्टपणासाठी घातलेलं पीठ, वरचं आवरण, तळणीचं तेल, कापायचा ओंडका, सुरी. त्यांच्या सांगण्यावरून नाताळचा एकेक पदार्थ घेऊन त्यात पडणारी प्रत्येक वस्तू मी वहीत लिहायला बसले. शेजारी सासूबाई होत्या.

खुडीपाशी आलो आणि सासूबाईंनी हात कपाळाला लावला. खुडीत बाटलीचा मसाला, आणि बाटलीच्या मसाल्यात गहू! आमचा हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात होतो. तीन-चार जातींच्या मिरच्या, हळद, धणे, जिरं, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, तिरफळ अशी वीस-पंचवीस जिनसांची यादी असते. सगळं उन्हात वाळवून वेगवेगळं भाजायचं, कुटायचं आणि काळपट बाटल्यांत ठासून भरायचं. त्या यादीत भाजलेले गहू आणि चणेही असतात. रस्सा मिळून येतो तो त्यांच्यामुळे. पिवळ्या-लाल भुकटीत गहू डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. बाहेरून मसाला विकत घेणाऱ्या ईस्ट इंडियन आईबापांना मी हे मुद्दाम सांगते: बाटलीच्या मसाल्यात गहू आहे असं धरूनच चला, बनवणारी बाई स्वतःच्या तोंडाने नाही म्हणेपर्यंत.

वर्षाचा मसाला भरून ठेवलेला होता. सासूबाईंनी त्यातली एकही बाटली स्वयंपाकघरात ठेवली नाही, सगळ्या नणंदेच्या घरी गेल्या. नाताळापुरता नवा मसाला करायचं ठरलं. डंकावर न्यायचा नाही, हे मी आधीच सांगितलं, कारण तिथे आपल्या आधी कुणाचा गव्हाचा मसाला कुटला गेला असेल ते कोण सांगणार? घरीच, नवीन कढईत भाजून आणि मिक्सरचं नवं भांडं आणून करायचा. मिक्सरमध्ये थोडा थोडा करून दळायला वेळ लागतो, भांडं तापतं, मधे थांबावं लागतं. चाळणसुद्धा नवी घेतली, जुनीने कणीक चाळलेली होती. गव्हाच्या जागी सासूबाईंनी चणे वाढवले आणि मूठभर तांदूळ लालसर भाजून घातले. चण्यांनी रस्सा जरा जड होतो, तांदळाने तो मोकळा राहतो, हा त्यांचा हिशोब. चणे आणि धणे मी आधी ताटात पसरून निवडले, कारण सुट्या कडधान्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात. आमच्या धण्यांतही सापडले.

हिंगाचंही सांगते. आमच्या नाताळच्या पदार्थांत हिंग नसतो, पण हा आहार पाळणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक हवं. बाजारातला डबीतला हिंग बहुधा पिठात कालवलेला असतो आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. डबीवरची घटकांची ओळ वाचा.

सोरपोतेल आणि इंद्यालमध्ये आमच्या घरी बाटलीचा मसाला पडत नाही. मिरची, जिरं, मिरी, हळद, आलं-लसूण सिरक्यात वाटून घेतो. त्यामुळे तिथे प्रश्न फक्त सिरक्याचा होता. माल्ट व्हिनेगर जवाचं असतं, ते बाद. माडाच्या ताडीचा सिरका चालतो, त्यात धान्य नसतंच. ओळखीच्या घरचा ताडीचा सिरका आणला आणि गाळताना-भरताना कोणती भांडी वापरता तेही विचारून घेतलं. त्या बाईंना आधी नवल वाटलं, मग कारण कळल्यावर त्यांनी नवी बाटली उकळत्या पाण्याने धुऊन माझ्यासमोर भरून दिली.

पोर्कच्या दुकानाबद्दल माझं मत चांगलं झालं. तिथे डुक्कर कापतात आणि विकतात, पीठ किंवा ब्रेडचा चुरा तिथे येतच नाही. इंद्यालसाठी चरबी-कातडीसकट तुकडे, सोरपोतेलसाठी थोडं काळीज. काळजात लोह भरपूर असतं, म्हणून ते मला खास हवं होतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवलं. आमच्या वाटेवरच्या चिकनच्या दुकानात मात्र एकाच फळीवर साधी कोंबडी, मसाला चोळलेल्या तंगड्या आणि ब्रेडचा चुरा लावलेले कटलेट मांडलेले होते. दुकानदार भला माणूस आहे. “भाऊ, माझ्या पोरीला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही, मला अख्खी कोंबडी द्या, कापू नका,” म्हटल्यावर त्याने हात धुतले आणि आतून न उघडलेल्या खोक्यातली कोंबडी काढून दिली. घरी मी ती स्वतः साफ करून कापली. अख्खा पक्षी घ्यायचा, हा नियम मी तेव्हापासून सोडलेला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो हॅम आणि सॉसेजवर. लेकीला हॅम फार आवडतो. कोल्ड स्टोरेजमध्ये उभी राहून मी एकेक पाकीट उलटं करून वाचत होते. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर तसं लिहावं लागतं. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. सॉसेजच्या बऱ्याच पाकिटांवर गव्हाचं पीठ, रस्क किंवा ब्रेडचा चुरा स्पष्ट लिहिलेला होता. मांस बांधून ठेवायला आणि वजन वाढवायला तो घालतात. काहींवर नुसतं ‘स्टार्च’ होतं, कशाचं ते नाही. तीही परत ठेवली. सोया सॉस लावलेलं काहीही घेतलं नाही, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शेवटी एक हॅम मिळाला. डुकराचं मांस, मीठ, साखर, टिकवण्याची द्रव्यं, आणि वर ग्लुटेनमुक्त असल्याचा उल्लेख. काउंटरवरचा मुलगा तो कापून द्यायला निघाला. पण त्याच यंत्राच्या पात्यावर आधीचे रोल कापलेले होते, म्हणून मी बंद पाकीटच मागून घेतलं. घरी सुरीने कापल्यावर कापं जाड झाली, पण लेकीने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

गोव्याचा चोरीस, म्हणजे तिथलं मसालेदार डुकराचं सॉसेज, मात्र मनासारखा मिळाला. मडगावकडच्या आमच्या मावसबहिणीच्या ओळखीतल्या एक बाई घरी करतात. मी फोनवर सगळं विचारलं. डुक्कर, मीठ, मिरची, लसूण, मसाले, ताडीचा सिरका. मसाला तयार आणता की घरी वाटता? घरी. त्याच पाट्यावर दुसरं काही वाटता का? नाही. त्या एकाही प्रश्नाला कंटाळल्या नाहीत. चोरीस पोयाबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, खायची पद्धत आहे, पण पोय गव्हाची. आम्ही त्याचा पुलाव केला. चोरीसची चरबी तांदळात उतरली की वेगळं तेल लागत नाही आणि तो वास सगळ्या घरात भरतो. यापुढे आमच्या नाताळात हाच पुलाव राहणार, गहू चालणाऱ्यांनीही दोनदोनदा वाढून घेतला.

रोस्ट चिकनच्या पोटात आमच्याकडे ब्रेड, बटाटा आणि काळीज-पेट्याचं सारण भरतात. ब्रेड काढला, बटाटा वाढवला, बेदाणे आणि मिरी घातली. रस्सा मैद्याऐवजी तांदळाच्या पिठीने घट्ट केला. ती पिठीही गिरणीतली नाही, घरी तांदूळ धुऊन, वाळवून, त्याच नव्या भांड्यात दळलेली. कटलेटला रव्याऐवजी पोहे भाजून भरड केले आणि ते लावले. पोह्यांचं आवरण रव्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतं, हे मी अगदी मनापासून सांगते. फुगे घरी तळलेच नाहीत. कोरडा मैदा हवेत उडतो आणि उघड्या पातेल्यात बसतो, त्यामुळे त्या आठवड्यात घरात मैद्याची पिशवी उघडायचीच नाही असं सासूबाईंनीच फर्मान काढलं. सासऱ्यांना फुग्यांची फार आवड. त्यांनी ते नणंदेकडे जाऊन खाल्ले आणि हात धुऊन घरी आले.

नाताळच्या दिवशी आमच्या टेबलावर तिने न विचारता सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून भेटीगाठी सुरू झाल्या, ते जास्त कठीण होतं. प्रेमाने घास भरवणाऱ्या आज्या-मावश्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. मी प्रत्येक घरी आधी फोन केला, आणि आमच्या सोरपोतेलचा डबा नेला तो सगळ्यांना पुरेल एवढा. सोरपोतेल तीन-चार दिवस मुरलं की आणखी चांगलं लागतं, त्यामुळे डबा बघून कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. लेक आता स्वतःच विचारते, “मावशी, यात गहू आहे का?” ती एवढी लहान असून विचारते म्हणून लोक खरं उत्तर देतात.

तिचं पहिलं कम्युनिअन (चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) पुढे येतंय आणि पवित्र भाकर गव्हाचीच लागते, हीही एक काळजी होती. चर्चच्या नियमात पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते, किंवा नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात कम्युनिअन घेता येतं. भाकरीबद्दलचा हा नियम व्हॅटिकनने 2017 च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केलाय. फादरांशी बोललो. तिच्यासाठी द्राक्षारसाचा वेगळा कप ठेवू, म्हणाले. ज्या कपात भाकरीचा तुकडा टाकतात तो तिला नको, हेही त्यांना आठवणीने सांगितलं.

टीटीजीचा आकडा उतरायला महिने लागतात आणि तपासणी अजून चालू राहणार आहे. मेमध्ये वर्षाचा मसाला करायचा आहे. सासूबाईंनी यंदाची यादी माझ्या वहीत लिहवून घेतली आहे. गव्हावर काट, चणे दीडपट, भाजलेले तांदूळ दोन मुठी, कुटणं घरीच. नणंदेने आणि दोन शेजारणींनीही आपला मसाला याच यादीने करायचं ठरवलंय, म्हणजे लेक त्यांच्याकडे जेवायला बसेल तेव्हा खुडीचं पातेलं झाकून ठेवावं लागणार नाही.